आकडा ७७६ : ‘फोर्स ऑफ ईव्हिल’मधील एका व्यवहाराचा अभ्यास

अब्राहम पोलोन्स्की यांनी दिग्दर्शित केलेला ‘फोर्स ऑफ ईव्हिल’ हा चित्रपट १९४८ च्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झाला. अवघ्या ७८ मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट फिल्म न्वार, म्हणजे अंधाऱ्या वातावरणातल्या गुन्हेपटांच्या प्रकारात मोडतो आणि त्याची कथा न्यूयॉर्कमधील आकड्यांच्या बेकायदा जुगारात घडते. त्यात खून आहे, अपहरण आहे, अंधाऱ्या खोलीतला गोळीबार आहे. पण या सगळ्याच्या आधी, कोणी पिस्तूल हातात घेण्यापूर्वीच, एक व्यवहार पार पडतो, आणि चित्रपटातला खरा गुन्हा तोच आहे, असे माझे मत आहे. शहरातल्या लहान पेढ्यांचे एका दिवसात दिवाळे काढायचे, मग त्यांना कर्ज देऊन सावरायचे आणि त्या बदल्यात त्यांचा धंदा कायमचा आपल्या हाताखाली घ्यायचा, असा तो व्यवहार आहे. त्याची आखणी करणारा वकील आणि त्यात बुडणारा एक पेढीवाला हे सख्खे भाऊ आहेत. या प्रकरणात कोणी काय ठरवले, कोणत्या क्षणी दुसरा मार्ग मोकळा होता आणि तो का धरला गेला नाही, याची मांडणी पुढे केली आहे. कथेचा शेवटही ओघात येईल, कारण त्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही.

धंद्याचे गणित

हा जुगार वरवर पाहता अगदी साधा आहे. खेळणारा ००० ते ९९९ यांपैकी एक आकडा निवडतो, त्यावर पाच-दहा सेंट लावतो आणि चिठ्ठी घेतो. चिठ्ठ्या गोळा करणारी माणसे गल्लीबोळांतून फिरतात आणि जमलेले पैसे पेढीवर आणून देतात. लागणारा आकडा पेढीवाला स्वतः काढत नाही; तो घोड्यांच्या शर्यतींवर त्या दिवशी लागलेल्या पैजांच्या रकमांवरून ठरतो आणि त्या रकमा वर्तमानपत्रात छापून येतात. सारा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. आकडा बाहेरून, सर्वांना दिसेल अशा ठिकाणाहून येत असल्यामुळे पेढीवाल्याने हातचलाखी केली असा संशय कोणाला येत नाही, आणि बेकायदा असूनही हा धंदा विश्वासावर चालतो.

मुंबईच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल, आणि त्याला कारण आहे. मटक्याचा पूर्वज असलेला आकड्यांचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या दरांवर चालत असे. खुलता आणि बंद होताना येणारा भाव ही पैजेची बाब होती, आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. १९६१ च्या सुमारास हे दर येणे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्त्यांच्या साहाय्याने आकडा काढण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे मुंबईत बाहेरून येणारा आकडा बंद झाला आणि आकडा काढणाऱ्या माणसावरच्या विश्वासावर धंदा उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये आकडा बाहेरूनच येत राहिला. तो बाहेरचा आकडाच कोणी वळवला तर काय होईल, या प्रश्नातून या चित्रपटाचे कथानक जन्माला येते.

आता पेढीवाल्याच्या बाजूने पाहू. एक हजार आकड्यांपैकी एकच लागणार. लागणाऱ्याला साधारणपणे एका डॉलरला सहाशे डॉलर मिळतात, असे धरू. दिवसाला एक हजार डॉलरचा खेळ झाला आणि तो सर्व आकड्यांवर सारखा विभागलेला असला, तर पेढीवाला सहाशे देतो आणि चारशे त्याच्याकडे उरतात. त्यातून चिठ्ठ्या आणणाऱ्यांची दलाली, कारकुनांचे पगार आणि पोलिसांचे हप्ते भागतात. पण खेळ सारखा विभागलेला नसतो. हजारातले फक्त वीस डॉलर एकाच आकड्यावर असले आणि तोच आकडा फुटला, तर पेढीवाल्याला बारा हजार मोजावे लागतात. हातात आलेले हजार वजा जाता अकरा हजारांचा खड्डा पडतो आणि तो भरायला साडेसत्तावीस दिवसांची ढोबळ कमाई लागते, तीही या काळात एक पैसा खर्च न करता. एकूण खेळाच्या अवघ्या दोन टक्क्यांनी हे घडते.

पेढीवाल्याला हे कळत नव्हते असे नाही. लोकांच्या आवडीच्या आकड्यांवर कमी भाव देण्याची पद्धत प्रत्यक्षातल्या धंद्यात होती आणि अंगावर आलेला जादा भार मोठ्या पेढीवर उतरवण्याचीही सोय असे. तरीही त्याची मुख्य ढाल संभाव्यता हीच होती. आवडीच्या आकड्यावर कितीही पैसे लागले तरी तो आकडा फुटण्याची शक्यता हजारात एकच, आणि या भरवशावर तो वर्षानुवर्षे शांत झोपत असे.

टकरची योजना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे वर्ष १७७६. त्यामुळे ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, शेकडो लोक भावनेने ७७६ हा आकडा लावतात. बेन टकर हा दारूबंदीच्या काळात बिअरच्या चोरट्या धंद्यावर मोठा झालेला गुंड आता आकड्यांच्या जुगारावर नजर ठेवून आहे. शर्यतीच्या मैदानावर अखेरच्या क्षणी पैसे ओतून रकमा हव्या तशा फिरवायच्या आणि ४ जुलैला ७७६ च फुटेल अशी व्यवस्था करायची, असे तो ठरवतो. हजारात एक ही शक्यता तो एका दिवसापुरती खात्रीत बदलतो. पेढ्यांना एवढी रक्कम देता येणार नाही, त्या बुडतील, आणि दुसऱ्या दिवशी टकर पैशांची थैली घेऊन त्यांच्या दारात उभा राहील.

या योजनेत खेळणाऱ्याची फसवणूक होत नाही, ही गोष्ट चित्रपट पाहणारे बहुतेक जण नजरेआड करतात. उलट खेळणारा जिंकतो. ज्या बाईने सणाच्या दिवशी दहा सेंट लावले तिच्या हातात साठ डॉलर पडायला हवेत. तिची तक्रार असण्याचे कारणच नाही, आणि बुडालेला पेढीवाला तर स्वतःच बेकायदा धंदा करणारा, म्हणून तोही पोलिसांकडे जाऊ शकत नाही. ज्या गुन्ह्यात फिर्यादी होण्याच्या स्थितीत कोणीच नाही, असा गुन्हा रचण्यासाठी वकिलाचेच डोके लागते, आणि ते टकरला जो मॉर्स या वकिलाच्या रूपाने मिळाले आहे.

प्रत्यक्ष इतिहासाशी हे ताडून पाहिले तर पोलोन्स्की यांनी काय बदल केला हे ध्यानात येते. चित्रपट आयरा वोल्फर्ट यांच्या १९४३ च्या ‘टकर्स पीपल’ या कादंबरीवर बेतलेला आहे आणि वोल्फर्ट हे मुळात वार्ताहर होते. टकरच्या मागे डच शुल्झ या गुंडाची सावली स्पष्ट दिसते. १९३१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, लोकांनी भरमसाट खेळलेला एक आकडा योगायोगाने लागला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीतले कित्येक पेढीवाले अडचणीत आले; त्या संधीचा फायदा घेऊन शुल्झने कर्ज आणि धाक यांच्या जोरावर त्यांचा धंदा गिळला. डिक्सी डेव्हिस हा त्याचा वकील होता. ओटो बर्मन नावाचा गणिती त्याच्यासाठी मैदानावरच्या रकमा फिरवीत असे, पण तो लोकांनी फारसा न खेळलेला आकडा यावा म्हणून. चित्रपटाने योगायोग आणि हातचलाखी या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आणि हातचलाखीची दिशा उलटी केली : सर्वांत जास्त खेळलेला आकडाच पाडायचा. कथेच्या दृष्टीने हा बदल अत्यंत मोलाचा आहे. त्यामुळे टकर किरकोळ लुबाडणूक करणारा न राहता बाजारपेठ काबीज करणारा भांडवलदार ठरतो आणि त्याच्या शस्त्राला देशाच्या स्वातंत्र्यदिनाची धार येते.

एका बाबतीत मात्र चित्रपटाने इतिहासाचे मोठे नुकसान केले आहे. शुल्झने ज्यांना वाकवले त्या हार्लेमच्या पेढ्या बहुतांशी कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या माणसांच्या होत्या, आणि स्टेफनी सेंट क्लेअर या बाईंनी तर त्याला उघडपणे विरोध केला होता. पडद्यावर ही माणसे जवळजवळ नाहीतच. जोचा भाऊ लिओ हा थकलेला गोरा पेढीवाला मनाला भिडतो हे खरे, पण स्वतःच्या वस्तीत उभा केलेला धंदा बाहेरच्याने येऊन बळकावणे ही या प्रकरणाची आणखी एक बाजू होती, आणि ती हरवली.

थोरला भाऊ, धाकटा भाऊ

लिओ मॉर्स हा थोरला. आईवडिलांच्या मागे त्याने स्वतःचे शिक्षण सोडून धाकट्या जोला वकील केले. जो आज वॉल स्ट्रीटवर कचेरी थाटून बसला आहे. लिओ जुन्या वस्तीतल्या एका मजल्यावरच्या खोल्यांत आकड्यांची छोटी पेढी चालवतो. त्याच्याकडे हिशेब तपासणारे कारकून आहेत, डॉरिस नावाची तरुण मदतनीस आहे, आणि या सर्वांना तो नोकरांपेक्षा घरच्या माणसांसारखे वागवतो. हृदयविकाराने तो खचला आहे. जॉन गारफिल्ड यांनी जो साकारला आहे आणि टॉमस गोमेझ यांनी लिओ. गोमेझ यांचे ते भरलेले, घामेजलेले, सतत दम लागलेले शरीर चित्रपटातल्या कोणत्याही संवादाइतकेच बोलके आहे.

३ जुलैला जो भावाकडे येतो. वरकरणी तो त्याला टकरच्या संघटनेत सामील होण्याचे आमंत्रण देतो. खरे तर दुसऱ्या दिवशीच्या संकटातून त्याला बाहेर काढणे हा हेतू आहे. पण ७७६ ची गोष्ट फुटली तर योजनाच कोसळेल, म्हणून जो हातचे राखून बोलतो. लिओ नकार देतो. गुंडांबरोबर धंदा करायचा नाही, आपण लहान असलो तरी नीटनेटके आहोत, असा त्याचा पवित्रा आहे.

येथे लिओची बाजू तपासणे आवश्यक आहे, कारण अनेक जण त्याला निष्पाप मानून मोकळे होतात आणि चित्रपट तसे मानू देत नाही. पुढे त्याची बायको सिल्व्हिया त्याला समजावते की तू तर आयुष्यभर सचोटीचा व्यापारी होतास, तुझे गॅरेज होते, घरजागांचा धंदा होता. त्यावर लिओ जे उत्तर देतो ते या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. घरजागांचा धंदा म्हणजे एका गहाणातून दुसऱ्या गहाणात जगणे आणि चोरासारखी उधारी उचलणे, असे तो सांगतो. आणि गॅरेजमध्ये पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनमागे तीन सेंट जादा लावले जात, त्यातले दोन मालकाच्या ड्रायव्हरला आणि एक आपल्याला. एका चोराला एक सेंट, दुसऱ्याला दोन. गोमेझ हे सारे रागाने सुरू करतात आणि बोलता बोलता आवाज खाली येत जातो, कारण माणसाला आपलेच म्हणणे कळू लागलेले असते. आपला धंदा लहान आहे म्हणून स्वच्छ आहे, ही लिओची आयुष्यभराची समजूत त्या तीन सेंटांच्या हिशेबात विरघळून जाते. त्यानंतर टकरकडे जाण्याला विरोध करण्यासाठी त्याच्याजवळ तत्त्व उरत नाही. उरते ती फक्त किळस.

जोचा पुढचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत गंभीर आहे. भाऊ ऐकत नाही म्हटल्यावर तो त्याच्याच पेढीवर पोलिसांची धाड घालवतो. हेतू हा की पेढी बंद राहावी आणि ४ जुलैचा घाव लिओला बसू नये. धाड पडते, लिओ, डॉरिस आणि कारकून पोलीस ठाण्यात जातात, जो त्यांना सोडवतो. या एका कृतीतून तीन परिणाम होतात, आणि तिन्ही जोने गृहीत धरलेले नव्हते. लिओची नीटनेटकेपणाची प्रतिष्ठा त्याच्याच माणसांसमोर धुळीला मिळते. डॉरिसच्या मनातला या जागेविषयीचा घरोबा संपतो आणि ती काम सोडते. आणि बाऊर हा भेदरट हिशेबनीस कायमचा घाबरतो, ज्याची किंमत पुढे लिओला जिवाने मोजावी लागते. एवढे करूनही पेढी वाचत नाही. ७७६ फुटतो, लिओची पेढी इतरांबरोबर बुडते आणि टकरच्या संघटनेत जाण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

जोने त्या पहिल्या भेटीत दार लावून भावाला खरे सांगितले असते तर काय झाले असते? लिओचा स्वभाव पाहता त्याने आपल्या ओळखीच्या दोन-चार पेढीवाल्यांना सावध केले असते आणि टकरची योजना कदाचित फसली असती. जोला मिळायचे पहिले दहा लाख डॉलर गेले असते. म्हणजे भाऊ किंवा पैसा अशी निवड त्याच्यापुढे होती, आणि त्याने ती निवड न करता दोन्ही राखण्याचा तिसरा मार्ग शोधला. भावावरचे त्याचे प्रेम खोटे नाही. गारफिल्ड यांच्या चेहऱ्यावर त्याचा संशयही येत नाही. पण ते प्रेम तो भावाला विचारून करत नाही. लिओसाठी काय चांगले हे तो वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत बसून ठरवतो आणि मग त्याच्यावर लादतो, नेमके तसेच जसे टकर पेढ्यांच्या बाबतीत करतो. पोलोन्स्की यांनी दोन भावांची कथा आणि धंद्याची कथा अशा दोन कथा समांतर चालवलेल्या नाहीत. ती एकच कथा आहे.

बाऊरचा राजीनामा

फ्रेडी बाऊर हे पात्र लहान आहे, पण प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने त्याच्यापाशी थांबलेच पाहिजे. हाउलंड चेंबरलिन यांनी ते साकारले आहे. चष्मा लावणारा, चटकन दचकणारा हा हिशेबनीस लिओकडे आकडेमोड करत होता तोवर ठीक होते. संघटनेत गेल्यावर त्याला ही नोकरी सोडायची आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. त्याला सांगण्यात येते की सोडता येणार नाही. लहान पेढी आणि मोठी संघटना यांतला सारा फरक या एका उत्तरात आहे : लिओकडे काम करणाऱ्याला जाता येत होते, टकरकडे काम करणाऱ्याला जाता येत नाही.

बाऊर मग जे करतो ते दुबळ्या माणसाचे बंड आहे. तो पोलिसांना फोन करून पेढीची माहिती देतो, जेणेकरून धाडी पडतील आणि काम आपोआप बंद होईल. टकरचा दारूबंदीच्या काळातला जुना साथीदार फिको या नव्या साम्राज्यात वाटा मागत असतो. त्याची माणसे बाऊरची भीती हेरतात आणि लिओला एका उपाहारगृहात बोलावून आणण्याचे काम त्याच्या गळ्यात मारतात. फक्त बोलणी करायची आहेत, असे त्याला सांगितलेले असते. लिओ येतो, कारण बाऊर त्याचा जुना माणूस आहे आणि त्याची समजूत काढावी असे लिओला वाटते. दोघे टेबलाशी बसलेले असताना मारेकरी आत शिरतात, लिओला ओढत बाहेर नेतात, आणि बाऊरला गोळ्या घालतात. त्या दृश्यात पोलोन्स्की यांनी कॅमेरा बाऊरच्या चेहऱ्याजवळ ठेवला आहे, आणि तो हिशेबनीस मरण्यापूर्वी क्षणभर आपण काय केले हे समजून चुकतो. लिओचा मृत्यू आपल्याला दाखवला जात नाही. आजारी हृदयाचा माणूस अपहरणकर्त्यांच्या हातात मरतो आणि त्याचा देह नदीकाठी टाकून दिला जातो, हे नंतर कळते.

टेलिफोन आणि न दिसणारा सरकारी वकील

आकड्यांच्या धंद्यावर चौकशी करणारा हॉल नावाचा विशेष सरकारी वकील चित्रपटभर उल्लेखात आहे, पण पडद्यावर एकदाही येत नाही. प्रत्यक्षात १९३५ मध्ये टॉमस ड्यूई यांची अशा पदावर नेमणूक झाली होती आणि शुल्झच्या मागे ते हात धुऊन लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेवार्कमधल्या एका उपाहारगृहात प्रतिस्पर्ध्यांनी शुल्झवर गोळ्या झाडल्या आणि बर्मनही त्याच हल्ल्यात मारला गेला. कायदा पुस्तकात राहिला आणि निकाल गुंडांनीच लावला. चित्रपटात कायदा अधिक सूक्ष्म रूपात येतो, तो म्हणजे टेलिफोनच्या तारेतून.

जोच्या कचेरीत एक खासगी फोन कुलपात ठेवलेला असतो. टकरशी बोलणे त्यावरून होते. फोनवर पाळत असल्याचे कळल्यावर तो एका रात्री अंधाऱ्या कचेरीत जातो, फोन उचलतो, काहीही न बोलता ऐकत राहतो, आणि तारेत हलकी ‘टिक’ वाजते. या दृश्यात मारामारी नाही, संगीताचा गजर नाही. एक माणूस कानाशी फोन धरून उभा आहे. तरीही मला हे दृश्य साऱ्या चित्रपटात सर्वांत भीतिदायक वाटते, कारण वकिलीच्या पाटीआड सुरक्षित असल्याची जोची समजूत त्या एका आवाजाने संपते. हाच फोन शेवटी उलट वापरला जातो. टकरच्या घरी फिकोसमोर उभा असताना जो फोन उचलून बाजूला ठेवतो, जेणेकरून तारेच्या पलीकडे बसलेल्यांना सगळे ऐकू जावे. मग दिवे जातात, अंधारात गोळीबार होतो आणि टकर व फिको दोघेही मरतात.

भाषा आणि प्रकाश

या चित्रपटातले संवाद एका वेगळ्याच लयीत चालतात, आणि याचे श्रेय पटकथा लिहिणाऱ्या पोलोन्स्की आणि वोल्फर्ट यांचे आहे. पात्रे एकच शब्द फिरवून फिरवून उच्चारतात, वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा त्याच वाक्याकडे येतात. वस्तीतली साधी बोली ओवीसारखी घाट घेते. वकील, कारकून आणि गुंड असे बोलत नाहीत, हा आक्षेप घेता येईल. पण ज्या जगात प्रत्येक जण आपण करतो तो गुन्हा नसून व्यवसाय आहे हे स्वतःला पटवत असतो, तिथे तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावे लागतात. डेव्हिड रॅक्सिन यांचे संगीत या बोलण्याच्या मध्ये फारसे येत नाही.

छायाचित्रणाबद्दलची हकिकत पोलोन्स्की यांनी स्वतः सांगितलेली आहे. जॉर्ज बार्न्स हे नामांकित छायालेखक सुरुवातीला सवयीप्रमाणे गुळगुळीत, देखणा प्रकाश देत होते. आपल्याला काय हवे ते पोलोन्स्की यांना तांत्रिक भाषेत सांगता येईना, म्हणून त्यांनी एडवर्ड हॉपर यांच्या न्यूयॉर्कच्या चित्रांचे पुस्तक बार्न्स यांच्यापुढे ठेवले. बार्न्स यांना लगेच उमगले : प्रकाश एकाच दिशेने हवा. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. वॉल स्ट्रीटवरच्या प्रचंड इमारतींच्या पायथ्याशी माणसे ठिपक्यांएवढी होतात, जिन्यांच्या कडा कापल्यासारख्या ठळक दिसतात, आणि बऱ्याच दृश्यांत पात्रे खोलीत असूनही उघड्यावर सापडल्यासारखी वाटतात. चित्रीकरणाचा काही भाग न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष जागी झाला. ट्रिनिटी चर्चचा परिसर आणि जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखालचा नदीकाठ त्यात आहे. सहायक दिग्दर्शक होते रॉबर्ट ऑल्ड्रिच, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले.

प्रकरणानंतर

आकड्यांचा जुगार एक दिवस कायदेशीर लॉटरी होईल आणि टकरची संघटना प्रतिष्ठित होईल, असे स्वप्न जो पाहत असतो. त्यातला पहिला भाग खरा ठरला. न्यू हॅम्पशायरने १९६४ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्याने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली. १९८० पासून न्यूयॉर्कच्या लॉटरीत रोजचा तीन आकडी खेळही आहे. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये आली, आणि मटका तरीही बरीच वर्षे जोरात चालला.

चित्रपटाच्या निर्मात्यांचे नशीब मात्र वाईट होते. तो बनवणारी एंटरप्राइझ ही स्वतंत्र संस्था तोवर डबघाईला आली होती. वितरण एमजीएम या बड्या चित्रपटसंस्थेकडे गेले आणि तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. १९५१ मध्ये हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देताना पोलोन्स्की यांनी सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला आणि हॉलिवूडने त्यांना काळ्या यादीत टाकले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पुढचा चित्रपट १९६९ साली आला. मधल्या काळात त्यांना दुसऱ्याच्या नावाआड लिहावे लागले. गारफिल्ड यांनाही त्याच समितीने बोलावले. त्यांनीही कोणाचे नाव घेतले नाही, त्यांना काम मिळेनासे झाले आणि मे १९५२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. चित्रपटाकडे पुन्हा लक्ष वेधण्यात दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांचा मोठा वाटा आहे, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

या पार्श्वभूमीवर शेवटच्या वाक्यांबद्दलचा वाद पाहावा लागतो. भावाचा देह शोधायला नदीकाठी उतरलेला जो सरकारी वकिलाला साहाय्य करण्याचा निश्चय बोलून दाखवतो. हॉलिवूडच्या त्या काळच्या निर्मिती संहितेनुसार गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे असे बंधन होते, त्यामुळे हा निश्चय सेन्सॉरच्या समाधानासाठी चिकटवलेला आहे, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. मला ते अर्धेच पटते. कायद्यावर जोचा विश्वास बसला, असे चित्रपटात कुठेही दिसत नाही. ज्या पोलिसांना त्याने भावावर धाड घालायला धाडले त्याच पोलिसांकडे तो जाणार आहे, आणि ज्या हॉलकडे तो जाणार त्याचा चेहराही आपण पाहिलेला नाही. पण जोच्या बाजूने एक गोष्ट प्रथमच बदललेली असते. या संपूर्ण प्रकरणात त्याने माहिती फक्त दडवली होती : भावापासून, डॉरिसपासून, शेवटी टकरपासूनही. टकरच्या घरी फोन उचलून बाजूला ठेवला तेव्हापासून तो ती उघड करू लागतो, आणि पुढे साक्ष दिलीच तर तिच्यात ७७६ ची योजना कोणी आखली याचे उत्तर म्हणून त्याला स्वतःचे नाव सांगावे लागेल.